सभासदत्व विचारू नये

हिल्सबरो, ऑकलंड
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय अनू,

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. एक तर मी फोन केला की तुझे प्रकाशराव स्पीकर लावतात आणि मधेच खोकतात. दुसरं म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलेलं हल्ली संध्याकाळपर्यंत चार गावांत फिरतं. कालच्या सभेत वेलिंग्टनच्या रमणरावांचा सात महिन्यांपूर्वीचा एक संदेश मोठ्या पडद्यावर दाखवला. तेव्हा तूही पत्रानेच उत्तर दे. पोस्ट सावकाश येते, पण ज्याचं त्याला मिळतं.

काल ओटाहुहूच्या हॉलमध्ये महासंघाची वार्षिक सभा झाली. ऑकलंड, हॅमिल्टन, वेलिंग्टन आणि तुमचं ख्राइस्टचर्च, चारही मराठी मंडळांचे पाच-पाच प्रतिनिधी. तू कधी सभेला येत नाहीस म्हणून सांगते. धैर्यशील तुला फोटोतून माहीत आहेच. घरं विकतो. आमच्या रस्त्यावर तीन पाट्यांवर तो हसत उभा आहे. हे गेले तेव्हा सचिवपद त्याच्याकडे आलं आणि विश्वस्तपद माझ्याकडे, कारण दिवा लावायला कुणी तरी म्हातारं माणूस लागतं.

सकाळी अकरा वाजता त्याने भाषण केलं. महासंघ ही आपली आई आहे, आईचे तुकडे करणाऱ्याला इतिहास माफ करणार नाही, वगैरे. रुमालही काढला. दुपारी अध्यक्षपदाची निवडणूक झाली. त्याला नऊ मतं पडली आणि रमणरावांना अकरा. चार वाजता मी बाहेर आले तर हाच माणूस गाड्यांच्या रांगेत तुमच्या पाच जणांना सांगत होता की दक्षिण बेटावर कायम अन्याय होत आला आहे. राहतो माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर. दक्षिणेचं दुःख त्याला पाच तासांत कळलं.

मला महासंघाचं फारसं सोयरसुतक नाही. गणपती, दिवाळी, नाटक, हे तो नसला तरी होईल. मला काळजी आहे ती अंत्यविधीच्या सामानाच्या दोन पेट्यांची. एक माझ्याकडे, एक तुझ्याकडे. ओटाहुहूत नाशिकचा तो वेल्डर गेला त्या वर्षी ह्यांनी त्या केल्या. त्याची बायको दोन मुलांना घेऊन एकटी बसली होती आणि आपले लोक दोन दिवस एकमेकांना फोन करत होते की तो आपल्या मंडळाचा सभासद होता का. त्यानंतर ह्यांनी नियमावलीत कलम चार लिहिलं. एकच ओळ आहे: मृत्यू झालेल्या घरी सभासदत्व विचारू नये. बाकीची नियमावली इंग्रजीत आहे आणि ती मी सोडून कुणी वाचलेली नाही. मी शब्दकोश घेऊन वाचली, तीनदा.

महासंघ राहो न राहो, ते कलम राहिलं पाहिजे. तुझं लक्ष असू दे.

तुझी,
सरलाताई


हॉर्नबी, ख्राइस्टचर्च
२ मार्च २०२५

प्रिय सरलाताई,

तुझं पत्र आलं. वल्लरीने पाकीट उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाली, "मम, हू डाइड?" या मुलांना पत्र म्हणजे एवढंच माहीत.

ताई, तू धैर्यशीलजींबद्दल जरा कडक लिहिलं आहेस. ते मागच्या शनिवारी इथे आले होते, आपल्याकडेच जेवले. भरली वांगी तीनदा घेतली आणि म्हणाले, अशी वांगी उत्तरेत मिळत नाहीत. तसे अगदी साधे आहेत. ताट स्वतः उचलून सिंकमध्ये ठेवलं. आणि ते म्हणतात त्यात तथ्य आहे गं. नाटक आलं की ऑकलंडला, गायक आला की ऑकलंडला, आमच्याकडे येतात ते फक्त ठराव. भूकंपानंतर आम्ही इथे कसे राहिलो हे तुम्हा लोकांना टीव्हीवरून कळलं.

आता एक बातमी, पण तुझ्यापुरती ठेव. वेगळी संस्था होते आहे, दक्षिण बेट मराठी परिषद. अध्यक्ष प्रकाश. धैर्यशीलजी फक्त संस्थापक-मार्गदर्शक, त्यांना पदाचा मोह नाही म्हणाले. प्रकाशने वीस वर्षं वेअरहाउसमध्ये दुसऱ्यांच्या सह्या घेतल्या, आता त्याच्या सहीचं लेटरहेड छापून आलं आहे. परवा त्याने ते जेवणाच्या टेबलावर ठेवलं आणि जेवण होईपर्यंत काढलं नाही. मला बरं वाटलं. तूही दोन बरे शब्द लिही.

पेटी माझ्याकडे सुरक्षित आहे. कलमाचं मी प्रकाशला सांगितलं. तो म्हणाला, बघू.

तुझी अनू


हिल्सबरो
२३ मार्च २०२५

प्रिय अनू,

प्रकाशरावांचं अभिनंदन. हे दोन शब्द झाले.

विभागणीची सभा काल झाली. महासंघाची मालमत्ता सारखी वाटायची, असं दोन्ही बाजूंनी लिहून घेतलं होतं. दोन स्पीकर होते, एकेक घेतला. आता दोघांकडेही आवाज एकाच कानाला येईल. मग नाटकाचा मागचा पडदा निघाला, तो राजदरबाराचा, बारा हात लांब. तो कुणी सोडेना. शेवटी तुमच्या बाजूच्या चंद्रशेखरने मोजपट्टी मागवली आणि कात्रीने बरोबर मधोमध कापला. सिंहासन मध्यावर होतं. एक हात उत्तरेला गेला, एक दक्षिणेला, आणि सगळ्यांनी न्याय झाला म्हणून टाळ्या वाजवल्या. हे सगळे शिकलेले लोक आहेत, अनू. पुलांची आणि बँकांच्या कॉम्प्युटरची कामं करतात.

शेजारच्या मारियाला मी हे सांगितलं. तिचा जन्म युगोस्लाव्हियात झाला, तो देश आता नकाशात नाही. ती हसली नाही. म्हणाली, आमच्याकडे एकीच्या नावाने सगळ्यात मोठ्याने ओरडणाऱ्यांनीच नव्या झेंड्याचं कापड आधी आणून ठेवलं होतं. मग मी लायब्ररीतून त्या देशावरची दोन जाडी पुस्तकं आणली. सावकाश वाचते आहे. नावं लक्षात राहत नाहीत, माणसं मात्र ओळखीची वाटतात.

धैर्यशीलची आई, वसुंधराकाकू, तुला माहीत नसतील. ब्याऐंशीच्या आहेत. तो दिवसभर बाहेर, सून ऑफिसात, म्हणून त्या काठी टेकत माझ्याकडे येतात. लेकाच्या पाटीसमोर थांबून पदराने त्याच्या तोंडावरची धूळ पुसतात आणि मग पुढे येतात. मी त्यांना विचारलं, काकू, हा नक्की कुणाच्या बाजूचा? त्या म्हणाल्या, "लहानपणी लगोरीतसुद्धा तो दोन्हीकडून खेळायचा. फोडायचाही तोच आणि रचायचाही तोच. बाकीची पोरं नुसती धावायची."

मी अजून चुकून दोघांचा चहा ठेवत नाही. एकाच कपाचं आधण ठेवते. ते फार लवकर उकळतं आणि उरलेल्या वेळाचं काय करायचं ते मला दोन वर्षांत समजलेलं नाही. काकू आल्या की तेवढा वेळ भरतो.

प्रकाशराव "बघू" म्हणाले, त्याचं काय झालं ते लिही.

सरलाताई


हॉर्नबी
२० एप्रिल २०२५

प्रिय ताई,

घाईत लिहिते आहे. परिषदेचं उद्घाटन छान झालं. दीडशे पानं उठली, मसालेभात कमी पडला. धैर्यशीलजींचं भाषण ऐकून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. दक्षिण ही आपली आई आहे, म्हणाले.

नियम सध्या तात्पुरते आहेत. सगळ्या सेवा पहिलं वर्ष फक्त सभासदांसाठी, म्हणजे लोक पटापट नोंदणी करतील, असं धैर्यशीलजींनी सुचवलं. नंतर बदलता येईल. पेटी आता परिषदेच्या सामानात, गॅरेजमध्ये कुलपात आहे. एका घरी जरा अडचण झाली होती, पण मिटलं.

इकडे थंडी सुरू झाली. तब्येतीला जप.

अनू


हिल्सबरो
४ मे २०२५

अनुराधा,

तू लिहितेस, एका घरी जरा अडचण झाली होती. ते घर समीरचं.

तो कोण ते वाटल्यास प्रकाशरावांना सांग. सोलापूरचा आहे, इथे शिकायला आला, आता तुमच्याकडे बस चालवतो. तुमच्या घरापासून सहा मिनिटांवर राहतो. त्याचे वडील नातवाला बघायला आले होते, ते गेले. सकाळी सहाला त्याने मला फोन केला. "काकू, पेटी तुमच्याकडे आहे का?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, अरे, हॉर्नबीत अनुराधाकडे आहे, तिला फोन कर. तो म्हणाला, रात्रीच केला होता, आधी फॉर्म भरा म्हणाले. फॉर्मवर दोन सभासदांची शिफारस लागते आणि समितीची बैठक पंधरा दिवसांनी आहे.

मी इथून, समुद्रापलीकडून, त्याच्या बायकोला फोनवर सांगत बसले. आधी पाणी कोमट कर, मग कापड घे, आधी उजवी बाजू. अस्मिता नाव तिचं. तिने कधी मेलेल्या माणसाला हात लावलेला नव्हता. तिथे आणखी कुणी नव्हतं म्हणून सासऱ्यांना नवऱ्याच्या जोडीने तिनेच हात लावला. "काकू, तुळस नाहीये," म्हणाली. मी म्हटलं, असू दे. ती म्हणाली, "असू दे कसं?"

फोनवर "फॉर्म भरा" कोण म्हणालं ते मी विचारत नाही. तू घरी होतीस का, एवढं विचारते. याचं सरळ उत्तर येईपर्यंत मी लिहिणार नाही.

सरला


हॉर्नबी
८ जून २०२५

ताई,

होते. घरीच होते.

पाच आठवडे मी हे एक वाक्य लिहीत होते.

फोन प्रकाशने घेतला. मी पोळ्या लाटत होते. समीर काय बोलत होता ते मला ऐकू येत होतं, स्पीकर होता. प्रकाश अगदी सभ्यपणे बोलला, सहानुभूती आहे म्हणाला, फॉर्मची लिंक पाठवली. मी म्हटलं, अरे, मी जाऊन येते. तो म्हणाला, अध्यक्षाच्या बायकोनेच पहिल्या महिन्यात नियम मोडला तर उद्या कोण पाळेल? आणि मी लाटणं परत हातात घेतलं. मला ते पटलं असंही नाही. तेव्हा पोळी तव्यावर होती आणि ती करपेल, एवढंच माझ्या मनात आलं. तुला पत्रात "मिटलं" लिहिलं तेव्हाही मला माहीत होतं की तू ते वाचून थांबशील.

दुकानात अस्मिता दोनदा दिसली. दोन्ही वेळा मी दुसऱ्या रांगेत गेले.

आता दुसरं. धैर्यशीलजींनी गेल्या महिन्यात परिषदेचा राजीनामा दिला. प्रकाशला ते फेसबुकवरून कळलं. तुमच्याकडे ऑक्टोबरात लोकल बोर्डाची निवडणूक आहे, त्याला ते उभे आहेत आणि आता त्यांना सगळ्यांची मतं हवी आहेत, म्हणून "मराठी ऐक्य अभियान" काढलं आहे. म्हणजे प्रकाशने ज्यांच्या सांगण्यावरून वीस वर्षांची मैत्री असलेल्या माणसांशी बोलणं सोडलं, ते आता त्या माणसांबरोबर फोटो काढताहेत. लेटरहेडचे आठशे कागद पडून आहेत, त्यांवर वल्लरीची गणितं चालतात.

तुला लिहायचं नसेल तर लिहू नकोस. पण उत्तर सरळ दिलं आहे.

अनू


हिल्सबरो
२२ जून २०२५

प्रिय अनू,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तू चुकलीस. तू ते लिहिलंस हेही खरं. यातलं एकाने दुसरं पुसलं जात नाही, पण मी लिहिणं बंद करणार होते ते करत नाही. अस्मिताच्या घरी जा. माफी मागायला जाऊ नकोस, त्यात तिलाच तुझी समजूत काढावी लागेल. भाजी घेऊन जा.

तुझा संस्थापक-मार्गदर्शक मंगळवारी माझ्याकडे आला होता. सोफ्यावर बसल्या बसल्या म्हणाला, काकू, विश्वनाथकाकांचं स्वप्न होतं ना एकीचं, मग पत्रकावर त्यांचा फोटो छापू का? वर काका, खाली मी. मी म्हटलं, त्यांचं स्वप्न कुणी सांगितलं तुला? त्यांना रात्री गाढ झोप लागायची. यावर तो मनापासून हसला. त्याला अपमान कळतो, पण तो खिशात ठेवून देतो, पुढे केव्हा तरी उपयोगी पडेल म्हणून. मग मी त्याला समीरचं सांगितलं. तो गंभीर झाला, म्हणाला फार वाईट झालं, हे प्रकाशने करायला नको होतं. मी म्हटलं, नियम तू सुचवलास. तो म्हणाला, "काकू, नियम सुचवणं वेगळं आणि वापरणं वेगळं." हे वाक्य मी वहीत उतरून ठेवलं आहे. त्या दोन जाड पुस्तकांत याहून नेमकं मला काही सापडलं नाही.

फोटो मी दिला नाही.

आता तो जुलैत तुमच्याकडे ऐक्य मेळावा घेतो आहे आणि आईला घेऊन येतो आहे. "आईच्या हस्ते" असं पत्रकात छापलंसुद्धा. काकूंना पंधरा दिवस खोकला आहे. मी त्याला सांगितलं, ख्राइस्टचर्चच्या जुलैत त्यांना नेऊ नकोस. तो म्हणाला, हॉलमध्ये हीटर आहे. काकूंना विचारलं तर म्हणतात, "जाते गं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मला कुठे तरी घेऊन जातोय." त्यांना काय सांगणार?

जमलं तर बघून ये त्यांना. कोमट पाणी पितात, साखर घालून.

सरलाताई


हॉर्नबी
२४ जुलै २०२५

प्रिय ताई,

काकू गेल्याचं तुला फोनवर कळलंच. बाकीचं मी फोनवर सांगितलं नाही, ते इथे लिहिते.

मेळाव्यात त्या दोन तास व्यासपीठावर बसल्या होत्या, जड रेशमी साडीत, स्वेटरशिवाय. फोटोत स्वेटर बरा दिसत नाही म्हणून. मी मधे जाऊन पाणी दिलं, साखर घालून. त्यांनी विचारलं, सरलाची बहीण का तू? दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात नेलं आणि रविवारी दुपारी गेल्या.

धैर्यशीलजींचा फोन प्रकाशला आला. आम्ही जेवत होतो. पुन्हा स्पीकर. रडत होते, ताई, खरं रडत होते. पेटी हवी होती, सांगणारं बाईमाणूस हवं होतं. त्यांच्या बायकोचं विमान संध्याकाळचं होतं. प्रकाशने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "धैर्यशीलजी, सेवा सभासदांसाठी आहे. तुमचं सभासदत्व मे महिन्यात संपलं. तुमचाच नियम आहे." आणि फोन ठेवला. मग भात कालवायला लागला. ताई, त्याचा चेहरा इतका समाधानी मी लेटरहेड आलं त्या दिवशीही पाहिला नव्हता. सत्तावीस वर्षांच्या संसारात मला त्याची पहिल्यांदा शिसारी आली.

मी हात धुतले आणि गाडीची किल्ली घेतली. तो म्हणाला, "अनू, गॅरेजची किल्ली मी देणार नाही." मी म्हटलं, "नको देऊस. तू जेवण पुरं कर."

फ्युनरल होमच्या बाईंनी खोली उघडून दिली. फार सभ्य बाई होत्या, मला म्हणाल्या, हवा तेवढा वेळ घ्या. पण एकटीने होत नाही ते. माणूस कुशीवर वळवायला दोघी लागतात, हे मला तिथे उभं राहिल्यावर कळलं. मी बाहेर येऊन अस्मिताला फोन केला. तुझ्या सांगण्यावरून मी तिच्याकडे एकदाच गेले होते, दोडक्याची भाजी घेऊन. तिने दारातच डबा घेतला होता, आत ये म्हणाली नव्हती. आता मी म्हटलं, धैर्यशीलची आई गेली, माझ्याकडे पेटी नाही आणि मी एकटी आहे. ती म्हणाली, "कोणाची आई ते नका सांगू. पत्ता सांगा."

वीस मिनिटांत आली. समीरने सोडलं, तो बसच्या युनिफॉर्मवरच होता. तिच्या हातात कुंडी होती, अख्खी. सासरे गेल्यावर तिने खिडकीत तुळस लावली आहे. तिला सगळं माहीत होतं, तू फोनवर सांगितलेलं सगळं, त्याच क्रमाने. मीच विसरत होते, ती सांगत होती. आधी उजवी बाजू.

काकूंच्या बॅगेत ती रेशमी साडी होती आणि एक सुती, धुऊन धुऊन मऊ झालेली. धैर्यशीलजी म्हणाले, रेशमी नेसवा. आम्ही सुती नेसवली.

त्याआधीचं एक राहिलं. अस्मिता यायच्या आधी ते कॉरिडॉरमध्ये माझ्यामागे आले. डोळे सुजलेले. म्हणाले, "वहिनी, मागची तारीख टाकून फॉर्म भरला तर चालेल का? म्हणजे नंतर प्रकाशला कुणी बोलायला नको."

आई आत होती, ताई. आणि ते फॉर्म मागत होते. त्यांना खरंच वाटत होतं की फॉर्म भरला म्हणजे झालं. तेव्हा मला राग आला नाही, भीती वाटली. कारण माझ्या घरीही असाच एक जण भात कालवत बसला होता, आणि एप्रिलमध्ये मीही त्यातलीच होते.

मी म्हटलं, "तुम्ही बाहेर बसा." ते बसले. फोनवर बोलत बसले.

घरी आल्यावर मी गॅरेजची किल्ली प्रकाशकडे मागितली नाही. चंद्रशेखरला बोलावून कुलूप तोडून घेतलं. कात्री चालवणारा तो, पक्कडही त्याच्याकडे होती. पेटी आता माझ्या कपाटाखाली आहे. प्रकाश माझ्याशी बोलत नाही. वल्लरी त्याला म्हणाली, "बाबा, दॅट वॉज सो नॉट ओके." तो तिच्याशीही बोलत नाही. बोलेल. नाही बोलला तरी पेटी तिथेच राहील.

अनू


हिल्सबरो
३ ऑगस्ट २०२५

प्रिय अनू,

काकूंचं तेरावं परवा ओटाहुहूच्या हॉलमध्ये झालं. दोन्हीकडचे लोक होते. महासंघाचे आणि परिषदेचे, कापलेले आणि कापणारे, सगळे एकाच पंगतीला बसले होते. रमणराव वेलिंग्टनहून आले. प्रकाशरावही आले होते, तुला सांगून आले की नाही ते मला माहीत नाही. धैर्यशीलने त्यांना मिठी मारली आणि त्यांनी मारू दिली.

जेवणाआधी तो बोलायला उभा राहिला. आईच्या शेवटच्या क्षणी मला एक गोष्ट उमगली, म्हणाला. मग "वसुंधरामाता अंत्यसेवा योजना" जाहीर केली. सर्व मराठी माणसांसाठी, सभासदत्वाची अट नाही, ही आपली जुनीच मागणी होती म्हणे. संस्थापक-अध्यक्ष तो, उपाध्यक्ष रमणराव आणि प्रकाशराव. महासंघही पुन्हा एक होतो आहे. मागे आईचा फोटो होता, त्या रेशमी साडीतला. मला वाटलं होतं की आईला उचलून झाल्यावर तरी काही दिवस हा माणूस गप्प बसेल. तो बसला नाही. तो रडला हे मी खरं मानते. पण रडणं आणि पत्रक छापणं त्याला एकाच वेळी जमतं, एकाने दुसऱ्याचं काही अडत नाही.

मग तो म्हणाला, या योजनेची पहिली पेटी आपल्या सरलाकाकू आता व्यासपीठावर माझ्या हाती देतील.

सगळे माझ्याकडे वळले. मला असं उभं राहून बोलायची सवय नाही. वाचलेलं सगळं ऐन वेळी विसरतं. मी जागेवरच उभी राहिले आणि म्हटलं, "पेटी घरी आहे आणि घरीच राहील. ज्याच्या घरी लागेल त्याने फोन करावा. काकूंना शेवटची आंघोळ घातली ती हॉर्नबीच्या अनुराधाने आणि अस्मिताने. एप्रिलमध्ये अस्मिताच्या सासऱ्यांना तिथून कुणी गेलं नव्हतं, कारण ते सभासद नव्हते. तो नियम कुणी केला आणि कुणी वापरला, ते दोघेही इथे आहेत. मला विश्वस्त म्हणून काढा." आणि बसले.

प्रकाशराव ताटाकडे बघत होते. मला वाटलं, आता तरी कुणी काही विचारेल. तेवढ्यात टाळी वाजली. पहिली टाळी त्यानेच वाजवली, अनू. त्याच्यामागून सगळ्यांनी. आणि माइकवर म्हणाला, काकूंच्या रोखठोक आशीर्वादाबद्दल आभारी आहे.

तो निवडून येईल. मारिया म्हणते, असे येतातच. येऊ दे. लोकल बोर्डात बागेतली बाकं कुठे बसवायची ते ठरवतात, तिथे त्याच्या हातून व्हायचं तेवढंच नुकसान होईल. मला त्याच्याशी भांडायला आता वेळ नाही. परवापासून तीन फोन आले आहेत. एक हॅमिल्टनहून, एका मुलीचा, तिची आई शेवटच्या दिवसांत आहे. तिने घाबरत विचारलं की आम्ही कुठल्याच मंडळात नाही. मी तिला आईचं नाव विचारलं आणि आईला काय आवडतं ते विचारलं. ती अर्धा तास बोलत होती.

तू एक कर. पेटीवर परिषदेचं लेबल असेल ते खरवडून काढ आणि दुसरं लावू नकोस. आपल्या या कामाला कसलंही नाव ठेवायचं नाही. नाव ठेवलं की अध्यक्ष लागतो.

शुक्रवारी मी विमानाने येते. तुझ्याकडे नाही उतरणार, प्रकाशरावांना कशाला अवघडवायचं. अस्मिताला विचार, तिच्याकडे दोन दिवस चालेल का. माणूस कुशीवर वळवताना मान कशी धरायची ते तिला फोनवर नीट सांगता आलं नव्हतं, ते दाखवायचं आहे. तूही ये.

सरलाताई